पहिली गिटार घेताना आधी तारांची उंची मोजा

गोव्यातल्या साखळी गावच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देतो:

"मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. वय ३८. आमच्या भजनी मंडळात गाते, चवथीला आरत्यांना पेटीवर बसते. माझी पट्टी काळी चार. गिटार शिकायची हौस कॉलेजपासूनची, ती आता पुरी करायचीच असं ठरवलंय. बजेट १०,००० रुपये, ओढूनताणून १२,०००. भाचा म्हणतो, 'मावशी, ऑनलाइन साडेतीन हजारांत मिळते. आधी शीक तरी, मग महागातली घे.' म्हापशाच्या एका दुकानात १४,००० ची दाखवली. पिकअप (स्पीकरला जोडायची सोय) बसवलेली, एका बाजूचा खांदा कापलेली, दिसायला फार देखणी. आणि शाळेतल्या एका बाईंच्या घरी त्यांच्या काकांची जुनी स्पॅनिश गिटार पडून आहे, ती त्या फुकट द्यायला तयार आहेत. माझे हात लहान, बोटं आखूड. शिवाय घर जुनं, चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं. पावसात पेटीच्या भात्यालासुद्धा बुरशी येते. काय घेऊ? चवथीपर्यंत दोन-तीन गाणी वाजवता येतील का?"

ताई, नमस्कार.

चवथीचं आधी सांगून टाकतो. अजून दोन महिने हातात आहेत. रोज अर्धा तास बसलात तर तीन कॉर्ड्सची (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायची सुरांची जुळणी) एक-दोन गाणी स्वतःच्या गळ्याबरोबर वाजवता येतील. आरतीला मात्र पेटीच धरा. घुमट आणि झांजांच्या गजरात ॲकॉस्टिक गिटार शेजारच्यालाही ऐकू येत नाही.

आता खरेदी. तुमच्यापुढे तीन गिटारी आहेत: एक स्वस्त, एक देखणी, एक फुकट. डाव्या हाताचं बोट तारेवर दाबायला किती जोर लागेल, हे मात्र तिघींपैकी एकीबद्दलही कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. पहिल्या गिटारीत मी सगळ्यात आधी तेच बघतो. हौसेने गिटार घेऊन महिन्याभरात ती कपाटावर चढवणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. विचारलं की म्हणतात, "जमलं नाही हो, बोटं फार दुखायची." ती गिटार खाली काढून बघावी, तर तारा इतक्या उंच असतात की मुरलेल्या वादकालाही त्या दाबवू नयेत. दोष वाद्याचा असतो आणि माणूस आपल्याला अंगच नाही असं समजून बसतो.

गिटारीच्या मानेवर, म्हणजे नेकवर, धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, ते फ्रेट. तार आणि फ्रेट यांच्यातल्या अंतराला वाजवणारे 'ॲक्शन' म्हणतात. ते मोजायला तुमच्याकडे साधन आहेच: जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो अशी स्टीलची पट्टी. बाराव्या फ्रेटवर ती उभी धरायची आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती ते बघायचं. स्टीलच्या तारांच्या गिटारीत सगळ्यात जाड तारेखाली २.५ मि.मी.च्या आसपास आणि सगळ्यात बारीक तारेखाली २ मि.मी.च्या आसपास असेल तर उत्तम. जाड तारेखाली साडेतीन दिसले, तर ती गिटार आहे त्या स्थितीत घेऊ नका. नायलॉनच्या तारांना ४ आणि ३ चालतात, कारण त्या मुळातच मऊ असतात.

दुसरी तपासणी वरच्या टोकाला, नटपाशी. नट म्हणजे तारा ज्या खाचांतून नेकवर उतरतात ती छोटी पट्टी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. कागद कसाबसा सरकेल एवढीच उरायला हवी. फट मोठी असेल तर खाचा वर राहिल्या आहेत, आणि सुरुवातीचे सगळे कॉर्ड्स नेमके ह्याच टोकाला वाजतात. एकाच बोटाने अनेक तारा दाबायला लावणाऱ्या एफ कॉर्डला घाबरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा खरा शत्रू एफ नसतो, नट असतो.

ॲक्शन खाली आणायचं काम अवघड नाही. धडावर तारा जिथे अडकवतात तो ब्रिज, आणि त्यावर तारा टेकतात ती बारीक पट्टी म्हणजे सॅडल. ती बाहेर काढून तिचा तळ घासतात. तुम्ही गणिताच्या, तेव्हा हे आवडेल: बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे तार १ मि.मी. खाली यायला हवी असेल तर सॅडलमधून २ मि.मी. काढावे लागतात. समरूप त्रिकोणच. नटच्या खाचा खोल करायला मात्र बारीक कानशी आणि सवयीचा हात लागतो, ते घरी करू नका. ह्या सगळ्याला 'सेटअप' म्हणतात. साधारण ५०० ते १,००० रुपयांत होतो. तुमच्या १०,००० मधले हे हजार मी सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवीन.

भाच्याची साडेतीन हजारांची गिटार इथेच अडते. स्वस्त म्हणजे वाईटच असं नाही, पण कारखान्यातून खोक्यात आणि खोक्यातून तुमच्या दारात, ह्या वाटेत तिला हात लावून ठीक करणारा कुणी नसतो. नट उंच, फ्रेटची टोकं बोटाला ओरबाडणारी, खुंट्या सैल, त्यामुळे दोन गाणी होईपर्यंत सूर उतरलेला. काहींच्या नेकमध्ये ट्रस रॉडही नसतो. नेकच्या आत बसवलेली ही लोखंडी सळई तारांच्या ताणाने नेकला आलेला बाक कमी-जास्त करायला लागते. ती नसेल तर पुढेमागे वाकलेली नेक सरळ करायचा साधा उपाय उरत नाही. अशा गिटारीवर सेटअप, नव्या तारा आणि चांगल्या खुंट्या चढवल्या की खर्च दुपटीजवळ जातो आणि विकायला काढली तर कुणी विचारत नाही. भाच्याचा सल्ला चुकीच्या वयाला दिलेला आहे. पंधरा वर्षांचा पोरगा दुखऱ्या बोटांनीही मित्रांच्या ईर्षेने शिकून जातो. शाळा, तपासायच्या वह्या आणि घर सांभाळून रात्री साडेनवाला अर्धा तास काढणाऱ्या बाईला तो अर्धा तास सुखाचा वाटला पाहिजे, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तो जातो.

आता लहान हातांबद्दल. दुकानात तुम्हाला "मग छोट्या स्केलची घ्या" असं सांगतील. स्केल म्हणजे नट ते सॅडल ही तारेची वाजणारी लांबी. क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या, गिटारीत ती ६५० मि.मी. असते, एकोणिसाव्या शतकातल्या स्पेनच्या तोरेस ह्या कारागिराच्या गिटारींपासून हे माप रूढ झालं. यामाहाच्या एफ ३१० सारख्या स्टीलवाल्या गिटारीत ती ६३४ मि.मी. आहे. फ्रेटची जागा ठरते दोनच्या बाराव्या मुळावर, म्हणजे दर फ्रेटला उरलेल्या लांबीला १.०५९५ ने भागत जायचं. करून बघा: नटपासून तिसऱ्या फ्रेटपर्यंत एकीत १०३ मि.मी. येतात, दुसरीत १०१. एवढ्याशा फरकाने आखूड बोटांचा प्रश्न सुटत नाही.

आखूड बोटांना खरा फरक पडतो तो नेकच्या रुंदीने. क्लासिकल गिटारीची नेक नटपाशी ५२ मि.मी. रुंद असते, स्टीलवालीची साधारण ४३. बोट सहाव्या तारेपर्यंत पोचायचं तर हे ९ मि.मी. फार होतात. आणि दुसरा फरक धडाचा. दुकानात दहांतल्या सात-आठ गिटारी भिंतीवर दिसतील त्या 'ड्रेडनॉट' आकाराच्या. हा आकार अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन ह्या विक्रेत्यांसाठी काढला आणि नाव दिलं ब्रिटिश युद्धनौकेचं, त्यावरून काय ते समजा. खाली जवळजवळ ४० सें.मी. रुंद, १२ सें.मी. खोल. आवाज भरदार येतो, पण लहान चणीच्या माणसाचा उजवा खांदा त्यावर वर उचलला जातो आणि वीस मिनिटांत मान अवघडते. तुम्ही 'कॉन्सर्ट' आकाराची मागा. कमरेत बारीक, खोलीला कमी. आवाज जरा मवाळ असतो, आणि गायच्या साथीला तो मला उलट जास्त आवडतो, कारण गळ्यावर चढून बसत नाही.

नायलॉन की स्टील, हे तुम्ही कुठे आणि काय शिकणार ह्यावर. पणजीला कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात क्लासिकल गिटार रीतसर शिकायची असेल, किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षा द्यायच्या असतील, तर नायलॉनच हवी. तिथे उजव्या हाताची बोटं वेगळी चालतात, नोटेशन वाचावं लागतं, पाय उंच करून बसायचं असतं. त्या वाटेला यामाहाची सी ४० ही वर्षानुवर्षं शिक्षकांच्या पसंतीची, साधी आणि टिकाऊ गिटार आहे. पण तुमच्या पत्रातून मला दिसतं ते असं की तुम्हाला भावगीत, अभंग स्वतःशी गायचेत आणि खाली कॉर्ड हवाय. त्याला स्टीलच्या तारा. सुरुवातीला बोटांची टोकं हुळहुळतील, दोन-तीन आठवड्यांत कातडी घट्ट होते. दुखणं कमी करायला एक साधी गोष्ट करा: गिटारीवर बहुधा बाराचा सेट चढवलेला असेल, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची. तो काढून अकराचा, किंवा दहाचा चढवायला सांगा. आवाज थोडा पातळ होतो, दाबायला मात्र लगेच हलकं वाटतं.

नाट्यगीतांबाबत एक इशारा देऊन ठेवतो. रागावर घट्ट बांधलेल्या पदांखाली जी-सी-डी वाजवलं की राग बाजूलाच राहतो, आणि तुमच्या मंडळातले जुने पेटीवाले नाक मुरडतील. त्यांचं बरोबरच असेल. तिथे सा-पचा धरलेला सूर पुरे. भावगीतं आणि सोप्या चालींचे अभंग कॉर्ड्स छान घेतात, तिथून सुरू करा.

तुमची काळी चार गिटारीला फारच सोयीची आहे. पेटीवरची काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, ३००-४०० रुपयांपासून मिळतो) आणि बोटं जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर अशीच ठेवायची. ही सगळी पहिल्या महिन्यातली कॉर्ड्स, आणि वाजतं मात्र काळी चारमध्ये. गळा बसलेला असेल त्या दिवशी कॅपो काढून टाका, पांढरी पाच मिळते. एफ कॉर्डशी झगडायची वेळ त्यामुळे कितीतरी पुढे जाईल.

आणखी एक: गिटारीच्या मोकळ्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लागतात. पेटीवर त्या पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. सगळ्या पांढऱ्या. एकटीने वाजवाल तेव्हा मोबाइलवरच्या ट्यूनरने लावा, पण पेटीबरोबर बसाल तेव्हा पेटीवरूनच लावा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झ ह्या प्रमाण सुराच्या थोड्या वर-खाली असतात आणि दोन वाद्यांत तेवढा फरकही कानाला टोचतो.

फुकटची गिटार. काकांची गिटार म्हणजे त्यात एक गोडवा असतो, आणि आपल्याकडे अशा गिटारी घराघरांत पडून आहेत. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत तर मांडो ह्या कोंकणी गीतप्रकाराला व्हायोलिन आणि घुमटाबरोबर गिटार पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली. भेट म्हणून लगेच स्वीकारू नका, आठवडाभर बघायला आणते म्हणा. 'स्पॅनिश' म्हटलं तरी ती नायलॉनचीच असेल असं नाही, आधी तारा बघा. ब्रिजला तारा गाठ मारून बांधलेल्या, डोक्यात लांबट खाचा आणि बारावा फ्रेट बरोबर धडाच्या कडेला, असं असेल तर ती क्लासिकल. तिच्यावर कुणी स्टीलच्या तारा चढवल्या असतील तर काळजी करण्यासारखं आहे. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलच्या बाराच्या सेटचा ७० किलोच्या पुढे जातो. क्लासिकलचं पातळ अंग तो सोसत नाही. ब्रिज उपटतो किंवा त्याच्या मागचं लाकूड फुगून वर येतं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा सरकवून बघा, आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे. नंतर गिटार डोळ्यासमोर धरून नेकवरून धडाकडे नजर टाका. किंचित बाक चालतो, धनुष्य चालत नाही. आणि हवेच्या भोकातून टॉर्च मारा: बारीक छिद्रं आणि भुशासारखी पूड दिसली तर लाकडात कीड आहे. ती गिटार तुमच्या जुन्या लाकडी सामानाच्या घरात अजिबात आणू नका. ह्यातलं काहीच नसेल तर ५००-७०० रुपयांचा नायलॉनचा सेट चढवा आणि खुशाल वाजवा. पण दुरुस्तीवर हजारो रुपये घालून ती 'पहिली' करण्यात अर्थ नाही.

म्हापशाची देखणी १४,००० ची मी सोडून देईन. पिकअप हा स्टेजवर स्पीकरला जोडायला. तुम्ही बाल्कनीत बसून गाणार. कापलेला खांदा चौदाव्या फ्रेटच्या पुढे हात जायला सोयीचा, आणि पहिली दोन वर्षं तुम्ही पाचव्या फ्रेटच्या पुढे फारशा जाणार नाही. शिवाय त्या किमतीतला पिकअप म्हणजे बॅटरीचा कप्पा, बटणं, सोल्डरचे जोड. आपल्या हवेत गंज आधी तिथेच धरतो.

हवेचा हा मुद्दा गोव्यात मी लाकडापेक्षा वर ठेवतो. गिटारी बनवतात त्या साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती ८५ टक्क्यांच्या वर सहज असते आणि कौलारू घरात आत-बाहेर फारसा फरक नसतो. लाकूड रेषांना आडवं फुगतं. वरची फळी पोट काढते, तिच्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि मे महिन्यात २.५ असलेलं ॲक्शन ऑगस्टमध्ये साडेतीनवर जातं. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात उलट होतं, तारा खाली येऊन फ्रेटवर खरखरतात. हे जास्त होतं ते अखंड लाकडाच्या म्हणजे 'सॉलिड टॉप' गिटारीत. लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेली 'लॅमिनेट' गिटार त्यामानाने जागची हलत नाही.

दुकानदार सॉलिड टॉपचं कौतुक करील आणि ते खोटं नाही. आवाज मोकळा असतो, वर्षांनुवर्षं उघडत जातो. आपल्याच सह्याद्रीतलं शिसव जगभरच्या महागड्या गिटारींच्या पाठीला लागतं. मार्टिनने ब्राझीलचं शिसव सोडून १९६९ मध्ये हेच धरलं. पण ते सगळं बंद खोलीत, आर्द्रता सांभाळून ठेवणाऱ्यांसाठी. तुमच्या घरात, तुमच्या बजेटात, मी डोळे मिटून लॅमिनेट म्हणतो. ओळखायचं असं: हवेच्या भोकाच्या कडेवर बोट आणि नजर फिरवा. फळीवरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड, थर दिसले तर लॅमिनेट.

घरी आल्यावर ती भिंतीला टांगू नका. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसात पाणी पिते आणि गिटारीची पाठ त्याच ओलीला चिकटून राहते. पिशवीत ठेवा, पिशवी आतल्या खोलीच्या कपाटात, आणि पिशवीत सिलिका जेलच्या दोन मोठ्या पुड्या. नारिंगी रंगाची घ्या; रंग बदलला की ती गरम करून पुन्हा वापरता येते, फक्त स्वयंपाकाचा तवा त्याला वापरू नका. कपड्यांच्या कपाटात ओल जायला बल्ब लावून ठेवायची आपल्याकडची युक्ती गिटारीला करू नका, उष्णतेने सरस सैल होतो. त्याच कारणाने उन्हात लावलेल्या गाडीत, "बाजार करून येते पटकन" म्हणूनही, गिटार ठेवायची नाही. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने वरून-खालून पुसा. घाम आणि दमट हवा मिळून स्टीलच्या तारांना पावसाळ्यात काही आठवड्यांत गंज धरतो. पेटीच्या भात्याची बुरशीही त्याच कपाटाने आणि त्याच पुड्यांनी आटोक्यात येईल.

तेव्हा माझं मत: कॉन्सर्ट आकाराची, स्टीलच्या तारांची, लॅमिनेट, पिकअप नसलेली. यामाहाच्या एफएस मालिकेतली सुरुवातीची मॉडेल्स तुमच्या बजेटच्या आसपास मिळतात. दुसऱ्या कुठल्या कंपनीची ह्याच वर्णनाची, तुमच्या मांडीवर नीट बसणारी मिळाली तर तीही घ्या. डोक्यावरच्या नावावरून मी भांडणार नाही. गिटार ९,००० च्या आत बसवा, म्हणजे सेटअप, अकराचा सेट, कॅपो आणि जरा जाड अस्तराची पिशवी १२,००० च्या आत निघतील. 'स्टार्टर पॅक' म्हणून बेल्ट, पिक (तारा छेडायची छोटी चकती), पातळ पिशवी एकत्र विकतात, त्यातलं दोन-चार पिक्सशिवाय काहीच कामाचं नसतं.

दुकानात शुक्रवारी जाऊ नका. म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी कुणालाही तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, पट्टी घेऊन जा. आधी गिटार सुरात लावून मागा. मग खुर्चीवर बसून, प्रत्येक तारेवर पहिले बारा फ्रेट एकेक दाबून वाजवा: ७२ सूर, दहा मिनिटं. कुठे खरखर, कुठे मुका सूर, कळतं. वाजवता येत नाही म्हणून लाजू नका. एकेक सूर ऐकायला वाजवता यावं लागत नाही, आणि तुमचा कान तर पेटीवर तयार झालेला आहे. मोकळी तार आणि तिचाच बारावा फ्रेट ट्यूनरवर तपासा, दोन्हीकडे तोच सूर बरोबर सप्तकाच्या अंतराने आला पाहिजे. सहापैकी तीन-चार तारा चुकत असतील तर दुसरी गिटार काढायला सांगा. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही फरक असतो, म्हणून खोक्यातली नवी न घेता जी तपासली तीच घ्या. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं लागली तर तीही सेटअपमध्ये घासून द्यायला सांगा.

दुकानात एसी असतो, तुमच्या घरी नसेल. तिथलं ॲक्शन घरी महिन्याभरात थोडं बदलेलच. म्हणून पैसे देण्याआधी एक गोष्ट पक्की करा: दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की एक सेटअप फुकट. बहुतेक दुकानदार देतात, विचारलं तर. तेव्हा परत नेताना जुन्या मापांचा कागद बरोबर असू द्या, बाराव्या फ्रेटवर दोन्ही कडांना किती होतं ते. माप लिहून आणणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम कारागीर जरा जपून करतात.

आणि जायच्या आदल्या रात्री डाव्या हाताची नखं अगदी मुळापासून कापा. नखं वाढलेली असली की बोट आडवं पडतं, तार नीट दाबली जात नाही आणि चांगल्या गिटारीवरही खरखर ऐकू येते. उजव्या हाताची राहू द्या, ती पुढे उपयोगी पडतील.